अळणीचा तेरावा दिवस

बस बाई, त्या बाजंवर बस. पाथरीहून आलीस म्हणजी दोन एस्ट्या बदलल्या असशील, आधी पाणी पी. तुझ्या लेकीला नांदेडच्या डॉक्टरनं ती पांढरी गोळी लिहून दिली अन् माझ्याकडं पाठवलं, व्हय ना? ठाऊक हाय मला. तूच पहिली न्हाईस. कुणाला ही गोळी नव्यानं चालू केली की ते म्हणतेत, ताडकळसला जा, मोटार भरणाऱ्याच्या बायकूला भेटून या. त्यास्नी वाटतंय मी लय चांगलं समजावून सांगते. कशाचं समजावणं घेऊन बसलीस! मला फकस्त माझी गलती सांगता येती. ती ऐक, मंग चहा पी. अन् मधी मधी 'अरेरे, अरेरे' करू नको, मला राग येतोय.

आमचे मालक, ते बघ तिकडं पत्र्याच्या शेडमधी बसलेत ते, इहिरीवरच्या मोटारी भरायचे. जळालेली मोटार आली की आतली जुनी तार उपसून काढायची अन् नवी तांब्याची तार वेढे मोजून भरायची. वेढा एक कमी झाला का एक जास्त झाला, मोटार पुन्हा जळती. ह्यांचा हात असा व्हता की वेढ्यावर वेढा चढायचा न्हाई. पूर्णा, पालम, कुठून कुठून लोक बैलगाडीत मोटार घालून आणायचे. हा सगळा संसार त्या दोन हातावर उभा राह्यला.

मंग एका साली दिवाळीच्या मागंपुढं ह्यांची झोप गेली. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला बरंच वाटलं. कामाचा असा झपाटा की बघत राव्हं! गाणं म्हणायचे, हसायचे, रस्त्यानं जाणाऱ्याला बोलवून चहा पाजायचे. माणसाला काय झालंय म्हणून मी मनातून खूश. अन् एका दिवशी दारात आलेल्या सतरा मोटारी एकदम खोलून बसले. सतराच्या सतरा! कुणाचं झाकण कुठं, कुणाचा दांडा कुठं, आंगणात पाय ठेवायला जागा न्हाई. म्हणले, "मी बिना तारंची मोटार काढायलोय. सगळ्या परभणी जिल्ह्याला फुकट वाटणार." मी अडवायला गेले तर पक्कड फेकून मारली. ही बघ भुवईवर खूण. लग्नाला बारा साल झाले व्हते, कधी आवाज चढवला न्हवता त्या माणसानं.

गव्हाचं पाणी अडलं. लोक दारात येऊन शिव्या घालायलेत, अन् हे त्यास्नीच भाषण द्यायलेत. अन् दोन महिन्यांनी तोच माणूस भितीकडं तोंड करून पडला, तो उठंना. आंघोळ न्हाई, दाढी न्हाई, चार चार दिवस एक शब्द न्हाई. एकदा बोलले ते काय, "मला इहिरीत ढकल, रुख्मिणी. मला तेवढं बी उठून जाणं व्हईना." लोक म्हणले बाहीरची बाधा हाय. करायचं ते सगळं केलं बाई. मुंजाला नारळ झाले, दर्ग्यावर जाणं झालं, एकानं मिरच्याची धुरी दिली. ते मी सांगत बसत न्हाई, माझंच डोकं फिरतंय.

शेवटाला माझ्या भावानं नांदेडला नेलं. डॉक्टरनं तासभर ह्यांच्याशीच बोलणं केलं, माझ्याशी न्हाई. मंग म्हणले, ह्या आजाराचं नाव बायपोलर. मन कधी लय वर जातंय, कधी लय खाली. ह्यात माणसाचा गुन्हा न्हाई, बाहीरचं काई न्हाई, साखरंच्या आजारासारखा आजार हाय अन् साखरेसारखाच जनमभर सांभाळायचा. मालक इतका वेळ खाली मान घालून बसलेले. एकदम मान वर केली अन् म्हणले, "म्हणजी माझं होल्टेज कमीजास्त व्हायलंय. जास्त झालं तरी मोटार जळती, डीम झालं तरी जळती." डॉक्टर हसले. म्हणले, "तुम्हाला कळलं ते माझ्या विद्यार्थ्यांना कळत नाही." त्या दिवशी कितीतरी महिन्यानं मी ह्यांच्या तोंडावर हसू बघितलं अन् मला तिथंच रडू आलं.

गोळी दिली. सकाळी एक, संध्याकाळी एक. तीन महिन्याला रक्त तपासायचं. निघताना डॉक्टर म्हणले, "पाणी भरपूर प्यायचं. मीठ नेहमीसारखं खायचं. उलट्या-जुलाब झाले तर गोळी थांबवून लगेच या." बाई, हे मी ह्या कानानं ऐकलं. मान बी हालवली. पण मीठ नेहमीसारखं खा म्हणजी काय, मला वाटलं बोलतेत आपलं पथ्य-पाण्याचं, जसं हवा-पाणी इचारतेत तसं. ध्यानात ठेवायची गोष्ट म्हणजी गोळी, असं मी धरून बसले.

अन् गोळीनंच पहिल्यांदा दगा दिला, म्हणजी गोळीनं न्हाई, मालकानंच. सहा महिने बरे गेले की म्हणले, "मला आता बरं वाटायलंय. गोळी बंद कर." मी म्हणले न्हाई. तर हे काय करायचे, गोळी जिभंखाली धरायची अन् मोरीत जाऊन थुकायची. मला पत्ताच न्हाई. एक महिन्यात पुन्हा झोप गेली, पुन्हा भाषणं. नांदेडला नेलं, डॉक्टरनं दोनाच्या तीन केल्या, उतार पडला तशा पुन्हा दोन. तिथून मी हवालदारच झाले. गोळी दिली की समोर उभी राहायची. "तोंड उघडा. जीभ वर करा. डावीकडं. उजवीकडं." बाप्या माणूस, चाळिशीला आलेला, रोज दोन वेळा बायकूपुढं तोंड उघडून बसायचा. मला तवा त्याचं काईच वाटलं न्हाई. मला एवढंच ठाऊक, की ह्या माणसाचं बोलणं धरायचं न्हाई, गोळी धरायची.

तसं एक साल नीट गेलं. मोटारी पुन्हा दारात आल्या. हात जरा बारीक थरथरायचा, पण काम सुटलं न्हाई. अन् मंग आमच्या आत्याबाईनं, म्हणजी माझ्या सासूनं, पार्वतीबाई त्यांचं नाव, मनातलं गाठोडं सोडलं. ह्यांना घरात बांधून ठेवावं लागलं व्हतं, त्या दिवसात त्यांनी मारुतीपुढं नवस बोललेला. माझं लेकरू एक साल नीट राह्यलं तर हनुमान जयंतीपस्तोर एकवीस दिवस त्याला अळणी घडवीन. मिठाचा खडा तोंडात जाणार न्हाई.

मी म्हणले, "आत्याबाई, नवस बोलायचा तुमी अन् फेडायचा त्यांनी?"

त्या म्हणल्या, "लेकरू माझंच न्हवं का? देवानं दिलं ते घेतलं ना? मंग देवाचं देऊन टाका."

मालक हसले. म्हणले, "जाऊ दे गं. एकवीस दिवस तर हायेत. आईचं समाधान हुईल." अन् मी बी 'हूं' म्हणले. ही माझी गोष्ट बाई, जपून ऐक. मी बळजबरीनं 'हूं' न्हाई म्हणले. मला बी आतून वाटलं, गाव बघू दे. येडा येडा म्हणायले व्हते ना, आता बघा कसा नेमानं राहातोय. मीच अळणीचं भांडं वेगळं काढलं, मीच भाकरीच्या पिठात मीठ घालणं सोडलं, मीच बिनमिठाचं वरण करून वर गूळ द्यायची. पाडव्याचा सैपाक बी त्यांचा अळणी केला. लय मायेनं केला.

चैताचं ऊन तुला काय सांगू. पत्र्याच्या शेडमधी बसून मोटार भरायची, आंगातून घामाच्या धारा. पोटात मीठ न्हाई अन् जे हाय ते घामानं बाहीर. गोळी मात्र टायमावर. सकाळी एक, संध्याकाळी एक.

नवव्या दिवशी त्यांच्या हातातून चहाची कपबशी पडली. हात आधीचा थरथरतच व्हता, पण हे थरथरणं वेगळं, मोठं. म्हणले, "मळमळायलंय." दहाव्या दिवशी जुलाब चालू झाले. मी म्हणले ऊन बाधलं. अकराव्या दिवशी तार भरताना वेढे चुकले. बाई, ह्या माणसाचे वेढे चुकले! त्यांनी मोटार बाजूला सारली अन् डोकं धरून बसले. बोलायला गेले तर जीभ जड. चिडचिड करायले. मी म्हणले आलं. ते परत आलं.

ते म्हणले, "रुख्मिणी, हे ते न्हाई. ते यायला लागलं की मला आधी कळतंय. हे दुसरंच काई तरी हाय. गोळी दोन दिवस थांबव."

'गोळी थांबव!' हेच ते मागं बी म्हणले व्हते. ह्याच तोंडानं. मला काय दिसायलं सांग. तीच चिडचिड, तीच झोप न्हाई, तेच 'गोळी थांबव'. मी म्हणले, "मला शिकवू नका. मला सगळं कळतंय." अन् डॉक्टरनं मागं दोनाच्या तीन केल्या व्हत्या तशा मी मनानंच तीन केल्या. बाराव्या दिवशी बी तीन. कुणाला इचारलं न्हाई. इचारायला कोण व्हतं? नांदेडला जायचं म्हणलं तर आत्याबाई म्हणायच्या, नवस अर्धा टाकून गावाबाहीर जायचं न्हाई.

तेराव्या दिवशी सकाळी मालक उठले अन् दाराच्या चौकटीला जाऊन धडकले. पाय तिसरीकडंच पडायलेत. ओट्यावरून एक जण बोलला, "सकाळच्या पारीच लावली का?" दारू म्हणायचा तो. मी गोळी घेऊन समोर उभी राह्यले. त्यांनी तोंड मिटून घेतलं. मान हालवली. बोलणं धड येईना, पण एक शब्द नीट आला. "थांब."

मी थांबले न्हाई.

मी त्यांच्या दाढा दोन बोटांनी दाबल्या, जनावराला औषिध पाजतानी दाबतेत तशा, अन् गोळी आत ढकलली. वर पाणी वतलं. मंग म्हणले, "तोंड उघडा. जीभ वर." त्यांनी उघडलं. डोळ्यातून पाणी यायलं व्हतं. मला वाटलं ठसका लागला.

नऊ-दहाच्या सुमाराला ते शेडपुढं पडले. आंगाचे बारीक बारीक झटके, हात आपोआप उडायलेत, डोळे अर्धे मिटलेले. हाक मारली तर 'हं' म्हणतेत अन् पुन्हा गळतेत. माणसं गोळा झाली. कुणी म्हणतंय वारं आलं, कुणी म्हणतंय मारुती आंगात आला. आत्याबाई तर हात जोडून बसल्या, "देवा, आठच रोज राह्यलेत, सांभाळ."

तेवढ्यात कुसुमबाई आली. सरकारी नर्सबाई. लसीचा डब्बा खांद्याला लावून वाड्या-वस्त्यांवर फिरायची. बौद्ध वस्तीतली. आमच्या आत्याबाई तिला ओट्याच्या खालीच उभी करायच्या, तिच्या हातचं पाणी कधी घेतलं न्हाई. त्या दिवशी ती इचारत बसली न्हाई, सरळ आत आली. ह्यांच्या पोटावरची कातडी चिमटीत धरली, डोळे बघितले, अन् म्हणली, "जुलाब किती दिवस झाले?"

"चार दिवस."

"आंगातलं सगळं पाणी गेलंय. साखर-मिठाचं पाणी करा. तांब्याभर पाण्यात मूठभर साखर अन् तीन बोटाची चिमट मीठ. लवकर."

बाई, ती काई गोळीचं जाणत न्हवती. जुलाब झाले की मीठ-साखरंचं पाणी, हे ती साऱ्या गावाला रोज सांगत फिरायची, तेच तिनं सांगितलं.

आत्याबाई उठून उभ्या राह्यल्या. "मीठ न्हाई. नुसतं साखरंचं पाजा. त्याचं अळणी हाय."

"कसलं अळणी?" कुसुमबाई म्हणली. "किती दिवसाचं?"

"आज तेरावा."

"तेरा दिवस? मिठाचा कण न्हाई? ह्या उन्हात?"

अन् तिनं 'मीठ' म्हणल्याबरूबर, काय सांगू तुला, माझ्या कानात डॉक्टर बोलला. दीड-पावणेदोन साल झालेलं बोलणं, जसंच्या तसं. मीठ नेहमीसारखं खायचं. उलट्या-जुलाब झाले तर गोळी थांबवायची. मी वरडले, "नर्सबाई, ते डॉक्टरनं सांगितलं व्हतं! मीठ सोडू नका म्हणून सांगितलं व्हतं! अन् मी तीन तीन गोळ्या दिल्या!"

मी सैपाकघरात पळाले. मिठाची बरणी उचलली तर आत्याबाईनं माझं मनगट धरलं. म्हातारीच्या हाताला असं बळ कुठून आलं कुणास ठाऊक. म्हणल्या, "रुख्मिणी, आठ रोज. देवाचा कोप हुईल. माझं लेकरू पुन्हा येडं हुईल."

"आवं मेलेलं माणूस येडं बी व्हत न्हाई!" मी म्हणले. "सोडा! कोप व्हायचा तर माझ्यावर हूं द्या. मीठ मी घालायले, तुमी न्हाई." अन् हिसका मारला. बरणी खाली पडून फुटली. मी जमिनीवरचं मीठ चिमटीनं उचललं अन् तांब्यात घातलं.

कुसुमबाई म्हणली, "वतू नका, ठसका लागल. चमच्यानं, थेंब थेंब. शुद्धीवर येतेत तेवढंच." तिनं ह्यांचं डोकं मांडीवर घेतलं अन् चमचा लावला. तेरा दिवसांनी मीठ तोंडात गेलं अन् ह्यांनी ओठ चाटले. आत्याबाईनं तोंड फिरवून घेतलं.

गल्लीतल्या मुंजाजीची जीप मिळाली. कुसुमबाई अन् आत्याबाई बी संगं बसल्या. नांदेडला जायचं तर पूर्णेवरून जायचं, अन् त्याच दिवशी इद्यापीठाच्या नामांतरासाठी रास्ता रोको. औंदा जानेवारीत नाव झालं ते, पण तवा नुसते मोर्चे अन् लाठ्या चालू व्हत्या. फाट्यावर आडवी बैलगाडी, दगडं, निळे झेंडे, घोषणा. मुंजाजी म्हणला, "वापस फिरू. जीप फोडतील." मी दरवाजा उघडून खाली उतरले अन् वरडायला लागले, काय काय बोलले मला बी आठवत न्हाई. एक पोरगेला माणूस पुढं आला. शांतपणे म्हणला, "बाई, दहा साल झाले आमी थांबलोत. अठ्ठ्याहत्तरला आमची घरं जळली तवा बी थांबलो. तुमी दोन तास थांबा."

त्याचं खरं व्हतं. आमच्या गावातून तवा कुणी बोललं न्हवतं, आमच्या घरातून बी न्हाई. मी नुसती हात जोडून उभी राह्यले. तसं आतून कुसुमबाई कडाडली, "ए, इकडं ये रे! तुझ्या आईचं बाळंतपण ह्याच हातानं केलंय मी. ये अन् बघ, मंग सांग किती वेळ थांबायचं." त्यानं वाकून आत बघितलं. ह्यांचा हात उडत व्हता, तोंडाला फेस. त्यानं मागं बघून एकच हाक दिली, अन् बैलगाडी सरकली. जाताना म्हणला, "ताई, आमची बी आठवण ठेवा."

तिथून नांदेडपस्तोर मी एकच हिशोब लावायले. सकाळची एक, काल तीन, परवा तीन. माझ्या हातानं. आत्याबाई मागच्या सीटवर लेकाचे पाय मांडीवर घेऊन बसल्या व्हत्या. कुसुमबाईचा हात भरून आला तसं त्यांनी वाटी आपल्या हातात धरली. कुसुमबाई चमचा भरून देत राह्यली, त्या धरून राह्यल्या. मिठाच्याच पाण्याची वाटी.

दवाखान्यात सलाईन लावलं, रक्त घेतलं. डॉक्टर बाहीर आले अन् म्हणले, "किती गोळ्या दिल्या?" मी सगळं सांगितलं. अळणीचं बी, दाढा दाबल्याचं बी. वाटलं आता हा मला हाकलून देणार. पण ते म्हणले, "मीठ कमी पडलं की शरीर ही गोळी धरून ठेवतं, बाहेर सोडत नाही. साठत जाते आणि तिचंच विष होतं. तुम्ही वर आणखी घातली." मंग म्हणले, "मी दहा वेळा सांगायला पाहिजे होतं. एकदाच सांगितलं." भला माणूस हाय, म्हणून तसं म्हणले. पण माझं मला ठाऊक.

आत्याबाई भितीला टेकून बसल्या व्हत्या. म्हणल्या, "माझ्या नवसानं केलं हे?"

माझा राग सगळा तोंडापस्तोर आला व्हता. तेरा दिवसाचा राग, हिसक्याचा राग. पण म्हातारी एवढुशी दिसायली. मी म्हणले, "न्हाई. गोळी मी दिली. ते थांब म्हणत व्हते." अन् आमी दोघी एकमेकीला धरून रडलोत. पंधरा साल झाले लग्नाला, पहिल्यांदाच.

तीन दिवस ते शुद्धीत न्हवते. चौथ्या दिवशी डोळे उघडले. मला ओळखलं. मी म्हणले आता बोलतील, शिव्या देतील, मारतील बी, मारू दे. ते म्हणले, "मोटार कुणाची राह्यली?" बास. एवढंच.

घरी आलो. आत्याबाईनं काय केलं सांगू? नवस अर्धा राह्यलेला. त्यांनी आपल्या ताटातलं मीठ काढलं अन् राह्यलेले आठ दिवस स्वतःच अळणी केलं. कुणाला सांगितलं न्हाई. मला ताट वाढताना कळलं. त्यांना म्हणले, "कामून?" तर म्हणल्या, "बोलले मी व्हते ना? मंग मीच फेडायचं." अन् कुसुमबाई पुढच्या खेपंला आली तसं ओट्यावर पाट टाकला, पाणी दिलं अन् तिच्या हातचं मागून घेतलं. लय उशिरा, पण घेतलं.

महिन्यानं डॉक्टरनं रक्त तपासून गोळी पुन्हा चालू केली. कमी. पहिल्या संध्याकाळी जेवण झालं, मी गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती गिळली. अन् मी काई म्हणायच्या आत माझ्यापुढं तोंड उघडलं. जीभ वर केली. डावीकडं. उजवीकडं. लेकरासारखं. बाई, त्याच दाढांवर मी बोटं दाबली व्हती. माझ्यानं बघवलं न्हाई. मी म्हणले, "मिटा. मिटा तोंड. पुन्हा कधी उघडू नका माझ्यापुढं." त्या दिवसापासून मी बघितलं न्हाई. त्याऐवजी इचारते, "आज कसं वाटायलंय?" अन् ते सांगतेत. कधी म्हणतेत, जरा डीम हाय. कधी म्हणतेत, दोन दिवस झाले झोप कमी झाली, डॉक्टरला भेटायला पाहिजे. मागच्या साली त्यांनीच आधी ओळखलं, अन् ते वाढायच्या आत दवाखान्यातून औषिध घेऊन परत आलोत. मला काईच दिसलं न्हवतं.

आता तुझ्या लेकीचं. रक्त टायमावर तपास. उन्हात पाणी दे. मीठ, उपास, अळणी, एकादशी, काय करायचं ते आधी डॉक्टरला इचार. हे सगळं चिठ्ठीवर देते, माझा भाचा लिहून दील. पण एक गोष्ट चिठ्ठीवर बसत न्हाई. ती म्हणली की हे वेगळं वाटायलंय, तर ते वेगळं असंल. लगेच गोळी बंद करू नको, मी तसं म्हणत न्हाई. पण तिच्या तोंडातून निघालं ते कानावर घे, अन् तिला घेऊन दवाखान्याला जा. ती आजारी हाय म्हणून ती खोटं बोलती असं न्हाई.

चल, शेडमधी ये, चहा तिथंच पिऊ. त्यांच्या हातात ती तार आता बसत न्हाई. विष उतरलं, पण हाताचं थरथरणं राह्यलं, डॉक्टर म्हणले ते जायचं न्हाई. म्हणून मी बसते मोटारीपुढं. तार मी भरते, वेढे ते मोजतेत. ते डोळे मिटून माझ्या हाताचा आवाज ऐकतेत अन् मोजतेत, चाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस. पहिल्यांदा माझा हात वेगात असला की एक वेढा पुढं जायचा. आता न्हाई जात. ते 'थांब' म्हणले की मी थांबते.